शाळाबाह्य, बहिःशाल आणि रान

इंग्रजीत ‘आउटडोअर एज्युकेशन अँड रिक्रिएशन’ या नावाने जी विद्याशाखा उभी राहिली, तिला मराठीत अजून सर्वमान्य नाव नाही. कोणी ‘मैदानी शिक्षण’ म्हणतो, कोणी ‘निसर्गशिक्षण’, तर कोणी ‘साहसी शिक्षण’. नाव ठरत नाही याचे कारण शब्दांची गरिबी नव्हे. शाळेच्या चार भिंतींबाहेरचे काही सांगणारे दोन शब्द आपल्याकडे कधीचेच रुळले आहेत. त्यातला एक ‘बहिःशाल’. विद्यापीठांचे बहिःशाल शिक्षण विभाग गावोगाव व्याख्यानमाला भरवतात. दुसरा ‘शाळाबाह्य’. सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींना जे मूल पटावर सापडत नाही, किंवा सापडते पण वर्गात दिसत नाही, ते शाळाबाह्य. दोन्ही शब्दांत शाळा आहे आणि दोन्हींत ‘बाहेर’ आहे. पहिल्यात विद्यापीठ आपणहून बाहेर पडते आणि त्याला प्रतिष्ठा मिळते. दुसऱ्यात मूल बाहेर राहते आणि त्याची नोंद उणीव म्हणून होते.

परभणी जिल्ह्यात राहून या विषयावर लिहायचे तर आणखी एक शब्द टाळता येत नाही. तो म्हणजे ‘रान’. पुण्या-मुंबईच्या वाचकाला रान म्हटले की झाडी, पाखरे, पायवाटा आठवतात. आमच्याकडे माणूस सकाळी रानात जातो म्हणजे शेतात जातो. ‘रानातून आला’ म्हणजे कामावरून आला. एक रान हिंडण्याचे, एक रान राबण्याचे. बाहेरच्या जगातून शिकण्याचा विचार मराठीत आजवर झाला तो बहुतांशी पहिल्या रानाच्या बाजूने. दुसऱ्या रानात जे शिकले आणि शिकवले जाते, ते शिक्षण म्हणून आपण वाचलेच नाही. ते वाचायचे तर या विद्याशाखेची गृहीतके आणि आपल्या ग्रंथालयातली कपाटांची मांडणी दोन्ही तपासावी लागतील, असे माझे म्हणणे आहे.

डोंगराकडे तोंड असलेली विद्याशाखा

या विद्याशाखेचा इतिहास लांबलचक सांगण्याची गरज नाही. तिचे वळण तेवढे ध्यानात घ्यावे. दुसरे महायुद्ध चालू असताना 1941 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही येथे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांनी तग कसा धरावा, हा तिच्यामागचा तातडीचा प्रश्न होता. संकटाशी सामना केला की माणूस घडतो, ही कल्पना तिथून पुढे जगभर गेली. अमेरिकेत 1958 मध्ये जॉर्ज आणि लुईझ डोनल्डसन यांनी या शिक्षणाची एक सुटसुटीत व्याख्या केली. बाहेर राहून, बाहेरच्याविषयी आणि बाहेरच्यासाठी घेतलेले शिक्षण, असा तिचा आशय. ती आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. पुढे या शाखेतल्याच लोकांना साहसाचा अतिरेक खुपू लागला. ब्रायन वॉटचाउ आणि माइक ब्राउन यांचे 2011 चे पुस्तक असे सांगते, की मूल कड्यावर किती उंच चढले यापेक्षा ते ज्या जागी उभे आहे त्या जागेशी त्याचे नाते काय, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही विद्या आली ती हिमालयाच्या वाटेने. 1953 मध्ये एव्हरेस्टवर माणसाचे पाऊल पडले, आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे प्रशिक्षण देणारी संस्था निघाली. तेनसिंग नोर्गे तिथे क्षेत्र-प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. 1965 मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात या परंपरेला सह्याद्री लाभला आणि शिवकालीन किल्ल्यांमुळे तिला इतिहासाची धार आली. हे सारे मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही. पण त्यामुळे ‘बाहेर’ या कल्पनेचे तोंड कायमचे डोंगराकडे झाले.

आता परभणीचा नकाशा पाहा. जिंतूरच्या बाजूला डोंगररांगा आहेत, नेमगिरीची जैन लेणी आहेत, पूर्णेवर येलदरीचे धरण आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या अंगाने गोदावरी वाहते. बाकी जिल्हा म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख. चढायला कडा नाही, मुक्काम ठोकायला माची नाही. मान्य व्याख्येत अशा प्रदेशाला ‘बाहेर’ असे काही उरतच नाही. इथल्या शाळेची सहल म्हणूनच तर पश्चिमेकडे निघते.

दोन कपाटे

मराठी ग्रंथालयात ‘प्रवास, निसर्ग, भटकंती’ हे एक कपाट असते आणि ‘ग्रामीण’ हे दुसरे. पहिल्यात गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ आहे, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आहे, मारुती चितमपल्लींची जंगलावरची पुस्तके आहेत. दुसऱ्यात भास्कर चंदनशिव, आसाराम लोमटे, इंद्रजित भालेराव हे मराठवाड्याचे लेखक आहेत. पहिल्या कपाटातली पुस्तके आपण मुलांच्या हाती देतो ती त्यांनी बाहेर पडावे म्हणून. दुसऱ्या कपाटातली देतो ती त्यांना दुःख कळावे म्हणून. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही, पण तिचा परिणाम खोल आहे.

पहिल्या कपाटातल्या लेखनाचे बळ निरखण्यात आहे. दुर्गाबाईंनी महिन्यामहिन्याने बदलणारे झाड, फूल, आकाश असे पाहिले की वाचकाची नजरच बदलते. चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत जंगल पाहिले आणि तिथल्या लोकांकडून पशुपक्ष्यांची नावे, सवयी, समजुती गोळा केल्या. त्यांचा शब्दसंग्रह हाच एक अभ्यासक्रम आहे. गोनीदांचा ‘माचीवरला बुधा’ तर या वाटणीलाच छेद देतो, कारण राजमाचीवरचा म्हातारा बुधा तिथे हिंडायला येत नाही, राहायला परततो. तरीही या कपाटातल्या निवेदकाला एक सोय बहुधा असते. दिवेलागणीला किंवा सुटी संपली की त्याला घरी जाता येते. बाहेर जाणे ही त्याची निवड असते.

दुसऱ्या कपाटात ही निवड नाही. चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी आपलाच माल पायांखाली तुडवतो, आणि शाळकरी मुलगा ते पाहतो. आपण ती कथा शेतकऱ्याच्या व्यथेची म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण बाहेरच्या शिक्षणाच्या अंगाने वाचली तर ती एका मुलाच्या शिकण्याचीही कथा आहे. आवक, भाव, घासाघीस, भाडे, श्रमाची किंमत हे सगळे तो एका दिवसात शिकतो आणि ते शिकवणारा बाप त्याच्यासमोर मोडून पडतो. डोनल्डसन दांपत्याच्या व्याख्येत हे ‘बाहेर राहून’ आणि ‘बाहेरच्याविषयी’ शिकणेच आहे. मात्र ‘बाहेरच्यासाठी’ म्हणावे असे काही त्यातून उमलत नाही. झाला तर त्या मुलाच्या मनात रानाविषयी धाक निर्माण होईल.

लोमट्यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेत शिवार हे कधीच देखाव्यासारखे येत नाही. बांध कोणाचा, पाणी कोणाचे, वाट कोणी अडवली, हे प्रश्न त्या जमिनीला चिकटूनच येतात. भालेरावांच्या ‘पीकपाणी’ने औत, पेरा, खळे यांची भाषा कवितेत आणली. वॉटचाउ आणि ब्राउन ज्याला जागेशी नाते म्हणतात, ते या लेखकांनी आधीच लिहून ठेवले आहे. फरक इतकाच, की त्यांच्याकडे ते नाते मालकी, जात आणि कर्ज यांच्यासकट येते. माझ्या मते हीच या कपाटाची विद्याशाखेला मिळू शकणारी देणगी आहे. जागेचे प्रेम शिकवणाऱ्याने ती जागा कोणाच्या नावावर आहे, हेही शिकवायला हवे.

क्षेत्रभेट आणि वापसा

ही वाटणी साहित्यापुरती राहत नाही, अभ्यासक्रमातही उतरते. राज्याच्या दहावीच्या भूगोल पुस्तकात पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. पाठ चांगला आहे. भेटीपूर्वी काय तयारी करावी, सोबत काय घ्यावे, प्रश्नावली कशी करावी हे तो नीट सांगतो, आणि वाटेत बदलत जाणारी भूरूपे, माती, पिके पाहायला लावतो. त्यातली मुले नळदुर्गहून निघतात आणि अलिबागला पोचतात. मराठवाड्यातून निघून घाट उतरून समुद्रापर्यंत, असा तो प्रवास आहे. भूगोलाच्या दृष्टीने निवड समर्थनीय आहे, कारण एवढ्या अंतरात पठार, घाट, किनारा सगळे भेटते. पण आमच्या मुलाच्या मनात एक समज आपोआप रुजतो: क्षेत्र म्हणजे जिथे बसने जावे लागते ते. शाळेच्या कुंपणाला लागून असलेले सोयाबीनचे रान क्षेत्र ठरत नाही. खालच्या वर्गांतल्या ‘परिसर अभ्यास’ या विषयाचेही तेच झाले. इतके सुरेख नाव असलेला विषय मुले बाकावर बसून पाठ करतात.

त्या कुंपणापलीकडे शिकण्यासारखे काय आहे, याचे एकच उदाहरण देतो. ‘वापसा’ हा शब्द घ्या. पावसानंतर काळ्या जमिनीत औत घालता येईल, बी पेरता येईल इतकीच ओल उरते, त्या अवस्थेला वापसा म्हणतात. त्याआधी रानात शिरले तर चिखल औताला चिकटतो आणि मातीचा पोत बिघडतो. उशीर झाला तर वरचा थर वाळून बी वाया जाते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि पुढच्या पावसात जमीन आतून ढवळली जाते. म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हणतात. वापसा आला की नाही हे शेतकरी मातीचे ढेकूळ हातात दाबून, रानात दोन पावले टाकून सांगतो. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते पायाला कळावे लागते, आणि दर पावसाळ्यात मोजक्या दिवसांतच ते शिकता येते. चाड्यावर मूठ धरण्याचेही तसेच. तिफणीच्या चाड्यात बी सोडणाऱ्या हाताचा वेग बैलांच्या चालीशी जुळला नाही, तर तास विरळ-दाट उगवतो, आणि ती चूक पीक निघेपर्यंत साऱ्या गावाला दिसत राहते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने हे कसब आता मागे पडते आहे. सह्याद्रीतल्या पायवाटांची नोंद करणारे पुष्कळ आहेत. या मुठीची नोंद मात्र कोणत्या शिक्षणशास्त्रात झाली आहे?

परभणीत असे शिकण्याची एक संस्थात्मक वाट आहे, हे इथे आवर्जून सांगायला हवे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावांत जातात. वर्तमानपत्रांत ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून ज्यांचे फोटो येतात ते हेच. गावाचा नकाशा ते जमिनीवर रांगोळीने काढतात, शेतकऱ्यांशी बोलतात, त्यांच्या रानात काम करतात, बीजप्रक्रियेची आणि मातीचा नमुना घेण्याची प्रात्यक्षिके दाखवतात. बाहेरच्या शिक्षणाचा हा आपल्या मातीतला नमुना आहे. पण त्या बातम्यांचे मथळे पाहिले की वाक्यरचना बहुधा एकच दिसते: कृषिकन्यांनी शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले. शेतकऱ्याने कृषिकन्येला काय शिकवले, हे त्या वाक्यात मावत नाही. कार्यानुभव या शब्दात अनुभव विद्यार्थ्याने घ्यायचा आहे, मग तो देणारा कर्ता कुठे गेला? भाषेतली ही गैरहजेरी मला योगायोगाची वाटत नाही.

करमणूक कोणाची

विद्याशाखेच्या नावात ‘रिक्रिएशन’ही आहे. त्यासाठी मोकळा वेळ लागतो, आणि रानात राबणाऱ्याकडे तो नसतो असे आपण धरून चालतो. लातूर-धाराशिवकडे आणि परभणीच्या दक्षिणेकडच्या काही गावांत वेळअमावस्या साजरी होते. बोलीत तिला ‘येळवस’ म्हणतात. मार्गशीर्षाच्या अमावस्येला गावे ओस पडतात आणि शिवार भरते. रानात कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांचे जेवण होते आणि ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावले जाते. ज्वारी पोटरीत किंवा निसवलेली, हरभरा घाट्यावर, करडई काट्यावर, असे रान त्या दिवशी मुले पायाखाली घालतात. कोणाचा बांध कुठे आणि कोणते झाड कोणाच्या आजोबांनी लावले, हे त्यांना चालता चालता कळते. एरवी राबण्याचे जे रान, तेच त्या दिवशी हिंडण्याचे होते. दोन्ही अर्थ एका जागी आणणारा इतका सरळ प्रघात मला दुसरा माहीत नाही.

त्याचेही कौतुक डोळे मिटून करू नये. त्या जेवणासाठी घरातल्या बायका रात्रीपासून चुलीपुढे असतात. बोलावलेला सालगडी जेवतो, पण दुसऱ्या दिवशी तो त्याच रानात कामाला असतो. आणि आता कृषिपर्यटनाने हुरडा पार्टी विकायला काढली आहे. शहरातली मुले कणीस भाजून खातात, बैलगाडीत बसतात, फोटो काढून परततात. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण कणीस पाहणे आणि पीक समजणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर तिकिटाने कमी होत नाही.

कुरणशाळेचा धडा

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रानातल्या कष्टाला शिक्षण म्हणणे म्हणजे बालमजुरीला गोंडस नाव देणे नव्हे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास, हा अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच दिवसांत, जिंतूर, गंगाखेड, सोनपेठ भागातल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कारखान्याच्या परिसरात कोपी टाकून राहते. मागे सांभाळायला कोणी नसेल तर लेकरेही सोबत जातात. धाकट्याला खेळवणे, वाढे गोळा करणे, पाणी आणणे ही त्यांची कामे. पाच-सहा महिने ही मुले चोवीस तास ‘बाहेर’ असतात. त्यांना उघड्या आकाशाचे शिक्षण मिळते असे म्हणणारा माणूस एक तर निर्दय असेल, नाही तर कवी.

या आक्षेपाचे उत्तर मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात सापडते. 1945 पासून बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत अंगणवाडी होती आणि कुरणशाळाही होती. वारली मुले गुरे राखायला कुरणात जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळेने गुरे राखण्याचा गौरव केला नाही आणि त्या मुलांना नादानही ठरवले नाही. मूल जिथे आहे तिथले दगड, पाने, बिया, गुरे हेच साधन धरून तिने मोजणे, बोलणे, गाणे, खेळणे सुरू केले. शाळाबाह्य मुलासाठी शाळाच बहिःशाल झाली. सुरुवातीला मांडलेले दोन शब्द मराठी शिक्षणाच्या इतिहासात इथे एकत्र आले. हान यांच्या खलाशांइतकाच हा प्रयोग या विद्याशाखेच्या पहिल्या प्रकरणात असायला हवा. आपणच तो बालशिक्षणाच्या कपाटात ठेवून दिला. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, पण बहुतेक ठिकाणी त्यातले अंगण गेले आणि खोली उरली.

कुरणशाळेचा धडा असा, की कष्ट हे शिक्षण नव्हे, पण कष्टाच्या जागी शिक्षण जाऊ शकते; आणि जाताना त्याने खेळ सोबत न्यायचा असतो. ऊसतोड मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. दुसरा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. पण दोन्हींत मुलाला ठाऊक असलेले रान दाराबाहेरच राहिले. फडातून परतलेले मूल वर्गात ‘मागे पडलेले’ म्हणून बसते. त्याने पाहिलेले दोन-तीन जिल्हे, तिथली माती, पाणी, बोली यांविषयी त्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही. नळदुर्ग ते अलिबाग हा प्रवास पुस्तकात येतो. गंगाखेड ते ऊसपट्टा हा प्रवास मात्र गैरहजेरीच्या रकान्यात जातो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, आणि शाळेत सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना घालवण्याची शिफारस आहे. ही संधी आहे, पण ती बसचे भाडे आणि समूहफोटो यांत संपण्याची भीतीही आहे. मराठी विभागांनी तरी ती वेगळ्या तऱ्हेने वापरावी. ‘ऋतुचक्र’ आणि ‘आलोक’ एकाच सत्रात, एकाच शिवारात बसून वाचावेत. विद्यार्थ्याने एका पावसाळ्यात वापसा ओळखायला शिकावे. ज्याच्याकडून तो शिकला त्या शेतकऱ्याचे, त्या मजूर बाईचे नाव प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून यावे. ज्यांची मुले कोयत्यासोबत गेली त्या वस्तीवर प्रकल्प करणाऱ्याने मार्च-एप्रिलमध्ये, टोळ्या परतल्यावर, पुन्हा जावे. त्या मुलांसोबत त्यांच्या प्रवासाचा नकाशा काढावा आणि तो शाळेच्या भिंतीवर लावावा.